पोट उडते, पण दुखणे छातीत
(‘आपल्या शरीराची ओळख’ पाठमाला : श्वसनसंस्था)



मागच्या अंकात आपण हृदयाचा पाठ वाचला. या अंकात त्याच्या शेजारच्या फुप्फुसांकडे वळू. पण वाचायला लागण्याआधी एक करा. खुर्चीत सैल बसा. डावा तळहात छातीवर ठेवा, उजवा पोटावर, बेंबीच्या थोडा वर. आता नेहमीसारखा श्वास घ्या. कोणता हात जास्त हलतो? शांत बसलेल्या बहुतेकांचा पोटावरचा हात हलेल. श्वास छातीत जातो हे तर आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. मग पोट का हलावे? आजचा सगळा पाठ या एका प्रश्नाभोवती आहे. उत्तर नीट समजले, तर पानशेतच्या पलीकडच्या एखाद्या वाडीवर आजारी तान्ह्या बाळाकडे पाहताना नेमके काय पाहायचे ते कळेल.

नाकापासून वायुकोशापर्यंत

हवा आत येते ती नाकातून, आणि नाक म्हणजे नुसती वाट नव्हे. नाकातले केस मोठी धूळ अडवतात, आतला ओलसर पडदा बारीक धूळ चिकटवून घेतो, आणि त्या पडद्याखालच्या रक्तवाहिन्या हवा गरम करतात. जानेवारीत पहाटे खडकवासल्याच्या पाण्यावरून येणारा बोचरा वारा फुप्फुसात पोहोचेपर्यंत अंगाइतका उबदार झालेला असतो. सर्दीने नाक चोंदले आणि रात्रभर तोंडाने श्वास घेतला की सकाळी घसा कोरडा पडतो, कारण ही सोय त्या रात्री मिळालेली नसते. तान्ह्या बाळांचे पहिले काही महिने जवळजवळ सगळे नाकावरच चालते. म्हणून साध्या सर्दीतही बाळ दूध ओढता ओढता थांबते आणि रडते. ते हट्ट करत नसते.

घशात दोन वाटा एकत्र येतात, अन्नाची आणि हवेची. हवेच्या वाटेवर स्वरयंत्र आहे व त्याच्या तोंडाशी एक लवचिक झाकण. घास गिळताना ते झाकले जाते. बोलता बोलता जेवले की झाकणाची वेळ चुकते आणि ठसका लागतो. ठसका हा पहारेकरीच आहे, त्याला दाबू नये.

स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिका, मोठ्या माणसात 10 ते 12 सेंटिमीटर लांब. ती मिटू नये म्हणून तिच्यात कूर्चेची कडी बसवलेली आहेत. ही कडी पूर्ण गोल नसतात, मागच्या बाजूला उघडी असतात, कारण तिथेच पाठीमागून अन्ननलिका जाते आणि मोठा घास उतरताना तिला फुगायला जागा लागते. पुढे श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात. उजवा फाटा डाव्यापेक्षा रुंद आणि सरळ उभा असतो. लहान मुलाच्या श्वासात शेंगदाणा गेला तर तो बहुधा उजव्या फुप्फुसात सापडतो, तो यामुळेच. नाताळच्या खाऊच्या पुड्या बांधणाऱ्या भगिनींना माझी विनंती आहे की चार वर्षांखालील मुलांच्या पुडीत अख्खे शेंगदाणे, फुटाणे घालू नका. राजगिऱ्याची वडी घाला.

उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात, डाव्याचे दोन, कारण डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते. आत गेलेल्या नळीला फाटे, त्या फाट्यांना आणखी फाटे, असे साधारण 23 वेळा होत जाते. उलट्या धरलेल्या झाडासारखे. शेवटच्या डहाळ्यांना द्राक्षांच्या घडासारखे सूक्ष्म फुगे लागलेले असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. ते किती? दोन्ही फुप्फुसे मिळून 30 कोटींहून जास्त. सगळे वायुकोश उलगडून जमिनीवर पसरले तर सुमारे 70 चौरस मीटर जागा व्यापतील. सिंहगड रोडवर साडेसातशे चौरस फुटांचा फ्लॅट असतो ना, तेवढी. देवाने एवढा फ्लॅट घडी घालून आपल्या बरगड्यांच्या आत बसवला आहे.

वायुकोशाची भिंत इतकी पातळ की केसाच्या जाडीशी तिची तुलनाच होत नाही. भिंतीच्या पलीकडे केशवाहिन्यांतून रक्त वाहते. हवेतला प्राणवायू भिंत ओलांडून रक्तात जातो व तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड उलट दिशेने हवेत येतो. आत घेतलेल्या हवेत प्राणवायू 21 टक्के असतो, बाहेर सोडलेल्या हवेत सुमारे 16 टक्के. म्हणजे उच्छ्वासातही बराच प्राणवायू शिल्लक असतो, म्हणूनच बुडालेल्या माणसाला तोंडाने दिलेला श्वास उपयोगी पडतो. एका शांत श्वासात मोठा माणूस साधारण अर्धा लिटर हवा घेतो. दिवसभरात सुमारे 20,000 श्वास, म्हणजे जवळपास 10,000 लिटर हवा. आपल्या सोसायटीत उन्हाळ्यात येणारा पाण्याचा टँकर डोळ्यांसमोर आणा. रोज एक टँकर हवा आपण छातीतून गाळतो.

भात्याची मूठ

आता मूळ प्रश्नाकडे. फुप्फुसाला स्वतःचा स्नायू नाही. ते आपोआप फुगू शकत नाही, त्याला कोणीतरी फुगवावे लागते. लोहाराचा भाता आठवा. कातडे स्वतःहून हवा ओढत नाही, मूठ ओढली की पिशवी रुंदावते आणि हवा आत धावते. आपल्या शरीरात ही मूठ म्हणजे श्वासपटल, छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा पसरलेला एक पातळ, रुंद स्नायू. श्वास घेताना हा घुमट खाली सपाट होतो. छातीची पोकळी वाढते, फुप्फुस ताणले जाते, हवा आत येते. पण घुमट खाली आला की त्याच्या खालच्या यकृताने, जठराने, आतड्यांनी जायचे कुठे? ती पुढे ढकलली जातात आणि पोट उचलले जाते. श्वासपटल सैल पडले की पोट खाली बसते व हवा बाहेर जाते. पोटात हवा जात नाही. पोट फक्त वरच्या मजल्यावर काय चालले आहे ते सांगते.

बरगड्यांमधले स्नायूही मदत करतात. ते बरगड्या वर आणि बाहेर उचलतात, बादलीची कडी उचलावी तसे. मोठ्या माणसात दोन्ही कामे वाटून होतात. तान्ह्या बाळाच्या बरगड्या मात्र आडव्या आणि कूर्चेसारख्या मऊ असतात, त्या उचलून फारसे काही साधत नाही. त्यामुळे बाळाचा सगळा भार श्वासपटलावर. निरोगी बाळाचेही पोट श्वासाबरोबर हलतेच. आजारी बाळाचे फार जोरात हलते.

संडे स्कूलच्या शिक्षकांनी हे मुलांना दाखवावे. प्लॅस्टिकची बाटली बुडापासून कापा, तोंडातून आत फुगा लोंबत सोडा आणि त्याची कडा बाटलीच्या तोंडावर घट्ट ओढा, कापलेल्या बाजूला दुसऱ्या फुग्याचे रबर ताणून बांधा. रबर खाली ओढले की आतला फुगा फुगतो. दहा मिनिटांत होते. मुले ते सोडायला तयार होत नाहीत, एवढीच अडचण.

हा भाता चालवणारा हुकूम मेंदूच्या देठातून येतो. श्वास रोखून बसलात तर थोड्याच वेळात असह्य होते. प्राणवायू संपला म्हणून नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागला म्हणून. आपण झोपलो, प्रार्थनेत रमलो, भांडलो, तरी हा हुकूम थांबत नाही.

पहिला श्वास तर याहून विलक्षण. गर्भात बाळाची फुप्फुसे पाण्याने भरलेली असतात. जन्मल्यावर काही क्षणांत ते पाणी मागे हटते आणि मिटलेले वायुकोश पहिल्यांदा उघडतात. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना चिकटल्या की किती जड जाते! वायुकोशांचे तसे होऊ नये म्हणून त्यांच्या आत साबणासारखा एक निसरडा पदार्थ गर्भातच शेवटच्या महिन्यांत तयार होतो. जी बाळे फार लवकर जन्मतात, सुमारे 34 आठवड्यांच्या आधी, त्यांच्यात तो पुरेसा नसतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतका कठीण पडू शकतो. पवित्र शास्त्रात मातीचा माणूस श्वासाने सजीव होतो हे आपण जाणतोच. जुन्या कराराच्या इब्री भाषेत वारा, श्वास आणि आत्मा या तिन्हींसाठी ‘रूआख’ हा एकच शब्द येतो.

न्यूमोनियात काय होते

सर्दी-खोकला वरच्या वाटेतला आजार. न्यूमोनिया खाली वायुकोशांत होतो. जंतूंशी लढताना वायुकोशांत पाणी आणि पू भरतो. त्या फ्लॅटच्या काही खोल्यांत पाणी शिरले म्हणा. तिथे हवेची देवघेव बंद. शिवाय पाण्याने जड झालेले फुप्फुस कडक होते, सहज ताणले जात नाही. मोठा माणूस कष्टाने का होईना, खोल श्वास घेईल. बाळाला ते जमत नाही, म्हणून ते श्वास लहान घेते आणि पुष्कळ घेते. आतकरवाडीतून सिंहगड चढताना आपल्याला धाप लागते, पण आपण वाटेत दगडावर टेकतो, वर जाऊन देवटाक्याचे पाणी पितो. न्यूमोनिया झालेले बाळ आईच्या मांडीवर पडल्या पडल्या रात्रंदिवस गड चढत असते आणि त्याला मध्ये कुठे टेकता येत नाही. शेवटी ते थकते. अनेक बाळे अशी थकूनच जातात.

घरातल्या आजीला काय दिसते? पोट धडधड उडताना दिसते. ती म्हणते, बाळाच्या पोटात काहीतरी आहे. मग ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून पोट शेकतात, एरंडेल लावतात. यात इजा नाही, वेळ मात्र जातो. मेळघाटात याहून भयंकर होते. तिथे तापलेल्या विळ्याने बाळाच्या पोटावर चटके देतात, त्याला ‘डम्मा’ म्हणतात. बातम्या वाचून आपण हळहळतो, लोकांना अडाणी म्हणतो. मला तो शब्द पटत नाही. आजीने जे पाहिले ते अगदी खरे आहे, पोट उडतेच आहे, आणि न्यूमोनियाची ती खरोखरच खूण आहे. तिचे निरीक्षण डॉक्टरच्या निरीक्षणाइतके बिनचूक असते. फक्त भात्याची मूठ कुठे आहे ते तिला कोणी सांगितलेले नाही.

गडचिरोलीत हेच सूत्र धरून काम झाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1988 पासून तिथल्या खेड्यांत गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि दायांना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला व औषध द्यायला शिकवले. दाया निरक्षर होत्या, मोठा आकडा मोजणे त्यांना अवघड होते. म्हणून मण्यांचे आणि वाळूच्या घड्याळाचे एक साधे साधन केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी तांबड्या मण्यापर्यंत पोहोचले तर न्यूमोनिया. 1990 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. ज्या गावांत हे काम झाले तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत निम्म्यावर आले होते. ना क्ष-किरण, ना स्टेथोस्कोप.

मोजायचे कसे

बाळ शांत असावे. रडत असताना किंवा दूध पिताना मोजू नये. झोपलेले असेल तर उत्तम. आईलाच अंगडे वर करायला सांगा, आपण हात लावू नये, बाळ दचकते. छाती किंवा पोट एकदा वर जाऊन खाली आले की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा.

दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास म्हणजे जलद. दोन महिने ते एक वर्ष, 50 किंवा जास्त. एक ते पाच वर्षे, 40 किंवा जास्त. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा आकडा 60 च्या वर आला तर पुन्हा एकदा मोजा, कारण इतकी लहान बाळे मुळातच कधी भराभर श्वास घेतात, कधी क्षणभर थांबतात.

पूर्ण मिनिट का, ते माझ्या चुकीवरून सांगते. नर्सिंग शिकून नुकतीच बाहेर पडले होते. एका लहान दवाखान्यात सात महिन्यांच्या मुलीचे श्वास मी पंधरा सेकंद मोजले, अकरा भरले, चारने गुणले, 44 लिहिले आणि खोकल्याचे औषध देऊन घरी पाठवायला निघाले. बाहेर रांग होती, मला घाई होती. वयस्क डॉक्टरांनी मुलीच्या आईला थांबवले, खिशातले घड्याळ काढले आणि मला शेजारी उभे करून मिनिटभर मोजले. 56 भरले. ते मला काही बोलले नाहीत. मुलगी बरी झाली, पण ती आई दारातून बाहेर पडत होती हे मी विसरलेले नाही.

मोजताना दुसरी खूण पाहा. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग, बरगड्यांच्या कडेखाली, आत ओढला जातो का? नेहमी तिथे छाती व पोट दोन्ही एकत्र उचलले जातात. फुप्फुस कडक झाले की श्वासपटल इतक्या जोराने ओढते की बाळाच्या मऊ बरगड्याच आत वाकतात, तिथे खळगा पडतो. पोट वर आणि छाती आत, असे दिसले तर थांबायचे नाही. बाळ दूध पीत नसेल, कण्हत असेल, सुस्त पडून असेल, झटके आले असतील, ओठ निळसर दिसत असतील, किंवा दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास जलद असेल, तर लगेच 108 ला फोन करून दवाखान्यात न्यायचे. इतर वेळी नुसता श्वास जलद असेल तरी त्याच दिवशी आशाताईला बोलवा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. न्यूमोनियावर प्रतिजैविक स्वस्त आहे आणि सरकारी केंद्रात फुकट मिळते. खोकल्याची गोड बाटली मात्र आपण आपल्या मनाने देऊ नये. न्यूमोनियाच्या एका प्रमुख जंतूवरची पीसीव्ही लसही 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे, ती झाली का हे कार्डावर पाहावे.

धूर

वायुकोशांच्या वरच्या सगळ्या नळ्यांत एक झाडू अखंड चालू असतो. आतल्या अस्तराला सूक्ष्म केसर असतात. ते लाटेसारखे हलत धूळ चिकटलेला कफ वर घशाकडे ढकलतात, आणि आपण तो नकळत गिळतो. धूर या केसरांना लुळे करतो. कफ खालीच साठतो, जंतूंना घर मिळते. घरात लाकूड-गोवऱ्यांचा धूर असेल तर लहान मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुळशी-वेल्ह्याकडच्या कातकरी वाड्यांत चूल आत, खिडकी नाही, आणि बाळ आईच्या पाठीशी किंवा चुलीजवळच्या उबेत. पुष्कळ कुटुंबे पावसाळा सरला की कोळसा भट्टीवर, वीटभट्टीवर जातात, तिथे तर उघड्यावरही धूर सोबत असतो. गॅसची टाकी काही घरांत आहे, पण रिकामी. भरायला पैसे नाहीत हे ऐकून घ्यावे, उपदेश करू नये. चूल दाराशी हलवणे, कुडाला वर झरोका पाडणे, बाळ धुराच्या वाऱ्याबाहेर निजवणे, एवढे आज होऊ शकते.

आणि शहरातल्या आपण धुरापासून सुटलो असे समजू नका. धरणाकाठी डास पुष्कळ. दारे लावून रात्रभर जळणाऱ्या एका मच्छर कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरतात, असे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. ज्या घरात कोणी विडीला शिवत नाही त्या घरातही बाळाच्या उशाशी कॉइल असते. मच्छरदाणी वापरा.

यंदा थंडीत ब्लँकेट वाटायला वाडीवर जाल तेव्हा वाटप झाल्यावर दहा मिनिटे बसा. जिथे तान्हे बाळ खोकत असेल तिथे आजीला विचारा, ‘आजी, पोट उडतंय का?’ ती लगेच सांगेल, कारण ते तिने आधीच पाहिलेले असते. मग तिच्या हाताने तिच्याच छातीवर-पोटावर वरचा प्रयोग करून दाखवा आणि दोघी मिळून बाळाचे श्वास मोजा. मागच्या हिवाळ्यात एका वाडीवर मी असे केले तेव्हा आजीबाईंनी माझे घड्याळ हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले, आणि म्हणाल्या, ‘बाय, ह्यो पळता काटा आमच्याकडं कुठला?’

मोबाइल आहेत, पण ते घरातला पुरुष कामावर घेऊन जातो. तेव्हा ज्यांच्याकडे सेकंदकाट्याचे जुने, चालू घड्याळ कपाटात पडून असेल त्यांनी ते नवा सेल घालून महिला मंडळाच्या भगिनींकडे उपासनेनंतर द्यावे. हाताचे असो वा भिंतीचे, पट्टा तुटलेला असला तरी चालेल, काटा मात्र पळता हवा.